सातबारावरचा 'अ.पा.क.' कुणाचा पालक?



ज्या खात्यात बाप लवकर गेला आणि पोरे लहान राहिली, त्या खात्याचा सातबारा काढून बघा. पोरांच्या नावाला चिकटून तीन अक्षरे दिसतील : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे एक नाव असते. कधी आईचे, कधी आजोबाचे, कधी चुलत्याचे. अठरा वर्षांच्या आतल्या पोराला कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात. पोर अज्ञान असते हे खरे. पण त्याच्या नावावर जे व्यवहार होतात, जे दावे निकाली निघतात, जी तडजोडपत्रे पुरी होतात, ती करणारे अज्ञान नसतात. ते पुरते जाणते असतात.

बैठकीत हा विषय काढला की काही जण म्हणतात, "संघटनेचे काम शेतीमालाच्या भावाचे. भावकीच्या वाटण्या कशाला काढता? घरचे भांडण घरात मिटू द्या." त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. कापसाला भाव मागायचा तो रानाच्या धन्यासाठी. शाळूला भाव मागायचा तोही रानाच्या धन्यासाठी. पण धनी आठ वर्षांचा आहे म्हणून त्याचे रानच भावकीने गिळले, तर तो भाव कुणाच्या घरात जाणार? सरकार लुटते तेव्हा आपण रस्त्यावर बसतो. घरातल्या पोरक्याला लुटले जाते तेव्हा आपण ओट्यावर बसून पान लावतो. ही दोन मापे एका चळवळीला शोभत नाहीत.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे समज असा की कायदा फक्त सबळांचा. या एका बाबतीत तरी कायदा दुबळ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२ म्हणून एक प्रकरण आहे. त्याचा सारांश शेतकऱ्याच्या भाषेत असा :

अज्ञान पोराला दावा लावायचा तर तो त्याच्या नावानेच लागतो, पण त्याच्या वतीने एक सज्ञान माणूस उभा राहतो. त्याला वादमित्र म्हणतात. पोरावर कुणी दावा लावला, तर कोर्टाने त्याच्यासाठी पालक नेमला पाहिजे. तो वादपालक. वादमित्र असो की वादपालक, तो शहाणा, सज्ञान आणि ज्याचे हित पोराच्या हिताच्या आड येत नाही असाच हवा. वादी असलेला माणूस प्रतिवादी पोराचा पालक होऊ शकत नाही. कुणाला त्याच्या लेखी संमतीशिवाय पालक करता येत नाही. पालक नेमण्याआधी नोटीस द्यावी लागते : आधीच कायदेशीर पालक नेमलेला असेल तर त्याला, नसेल तर बापाला, बाप नसेल तर आईला. योग्य माणूस मिळालाच नाही, तर कोर्ट आपल्याच कुणा अधिकाऱ्याला पालक नेमते आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा तेही ठरवते.

सर्वांत मोठे कुंपण तडजोडीचे आहे. कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय पोराच्या वतीने तडजोड करता येत नाही, आणि परवानगी दिल्याचे कोर्टाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे लागते. १९७६ साली त्यात भर पडली. तडजोड पोराच्या हिताची आहे असे पालकाने शपथपत्रावर सांगायचे आणि पोराला वकील असेल तर त्या वकिलानेही तसा दाखला द्यायचा. परवानगीविना केलेली तडजोड पोर सोडून बाकी सगळ्यांविरुद्ध रद्द होऊ शकते. हुकूमनाम्यात पोराच्या वाट्याला पैसे आले, तर तेही कोर्टाच्या परवानगीविना पालकाला उचलता येत नाहीत.

कोर्टाबाहेरही असेच आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बाप आणि त्याच्यानंतर आई हेच नैसर्गिक पालक. त्यांनासुद्धा पोराची स्वतंत्र जमीन जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. चुलता, मामा, आजा हे प्रेमाने कितीही सांभाळोत, पोराची जमीन विकण्याचा त्यांना अधिकारच नाही. आईबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने दोनदा सांगितले. १९७० साली विदर्भातल्या एका प्रकरणात बाप जिवंत होता, पण मुलीची काळजी घेत नव्हता. तिथे जमीन सांभाळणाऱ्या आईलाच पालक मानले. पुढे १९९९ साली न्यायालयाने स्पष्ट केले की बापाच्या 'नंतर' आई, याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही. बाप जवळ नसेल, लक्ष देत नसेल, तरी आईच.

मग अडते कुठे?

लूट कशी होते

समजा, माण किंवा आटपाडीकडचे एक घर. बारा एकर रान, तिघे भाऊ. मधला भाऊ गलाईच्या धंद्यात परमुलखात गेला आणि तिकडेच वारला. मागे बायको, एक पोरगी, एक पोरगा. दोन्ही अज्ञान. मधल्याच्या फांदीचा वाटा चार एकर. थोरला वाटपाचा दावा लावतो. पोरांचा वादपालक म्हणून धाकट्या चुलत्याचे नाव सुचवतो. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते, बाई माहेरी. दारात जो असतो तो सही करतो. धाकटा चुलता कैफियत देतो : वादीचे म्हणणे मान्य. आठ-पंधरा दिवसांत पुरसिस, तडजोडपत्र, हुकूमनामा.

आता वाटप बघा. चार-चार-चार एकर. वरून बघणाऱ्याला तक्रारीला जागा नाही. पण थोरल्याच्या चार एकरात विहीर. धाकट्याच्या चार एकरात काळी जमीन आणि वाट. पोरांच्या चार एकरात माळ, मुरूम आणि एक बाभळ. आपल्या वाडवडिलांनी 'सरस-निरस वाटप' हा शब्द उगाच काढला नाही. एकर मोजून वाटप होत नाही, रान बघून होते. ज्या चुलत्याने पोरांच्या वतीने 'मान्य' लिहिले, त्याच लिखाणातून त्याला काळे रान मिळाले. त्याचे हित पोरांच्या हिताच्या आड होते हे शेंबडे पोरही सांगेल. कोर्टात ते सांगायला कुणी उभे नव्हते, एवढेच.

आज ही लूट पूर्वीपेक्षा महागात पडते. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या योजनांचे पाणी दुष्काळी पट्ट्यात येऊ लागले. कालव्याच्या अलीकडचा माळ आणि पलीकडचा माळ यांत आता जमीन-अस्मानाचे अंतर पडले. पन्नास वर्षे पाण्यासाठी आपण मोर्चे काढले, परिषदा भरवल्या. ते पाणी पोहोचता पोहोचता पोरक्याचा वाटा कालव्याच्या वरच्या अंगाला ढकलला जात असेल, तर पाणी मिळाले कुणाला?

तडजोडपत्रावरची परवानगीसुद्धा नुसती ओळ होऊन बसते. 'तडजोड अज्ञानाच्या हिताची दिसते, परवानगी दिली.' हित कशात दिसले? विहिरीत दिसले की बाभळीत? न्यायाधीशाने रान पाहिलेले नसते, तो कागद पाहतो. कागदावर पोरांच्या बाजूने कुणी काही लिहिलेच नाही, तर त्याला तरी काय दिसणार? कोर्टाचा नाझर किंवा एखादा तरुण वकील पालक नेमला जातो, तेव्हाही असेच घडू शकते. तो पोराला भेटत नाही, आईला बोलावत नाही, शिवारात पाय ठेवत नाही आणि 'माहिती नाही' अशी चार ओळींची कैफियत देऊन मोकळा होतो. पालक नेमला म्हणजे पोराची बाजू मांडली गेली, हा गैरसमज आधी मोडला पाहिजे. बुजगावणे उभे केले म्हणून राखण होत नाही.

आणखी एक फट तलाठ्याच्या दप्तरात आहे. 'अ.पा.क.' ऐवजी कधी 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी नोंद असते. दिसायला अक्षरांचा फरक, पण रानाचा फरक. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनीतला पोराचा हिस्सा कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विकला, तर त्याला १९५६ च्या कायद्यातली कोर्टाची परवानगी लागत नाही. मग गरज खरोखर होती का, एवढाच वाद उरतो आणि तो पोराने मोठे होऊन घालायचा. म्हणून वारसाची डायरी पडते त्याच दिवशी विधवेने आपले आणि पोरापोरींचे नाव कसे लागले ते वाचून घ्यावे. मुलींची नावे तर मुद्दाम बघा. २००५ पासून मुलगी जन्माने वाटेकरी आहे.

राजाचे पोर आणि रयतेचे पोर

सरकारला पोरक्याची मिळकत राखता येत नाही असे कुणी म्हणू नये. राखायची असली की राखता येते. सांगली संस्थानचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १९०३ साली गादीवर आले तेव्हा तेरा वर्षांचे होते. १९१० साली त्यांच्या हाती अधिकार येईपर्यंत इंग्रजांनी संस्थानाचा कारभार चालवला आणि संस्थान राखून त्यांच्या हवाली केले. मोठ्या जमीनदारांच्या पोरांसाठी १९०५ साली मुंबई इलाख्यात कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा कायदा आला.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ जमिनीचे मालक झाले. पण जमीनमालक अज्ञान, विधवा किंवा अपंग असेल तर ती तारीख पुढे ढकलली. मालकाचे पोर सज्ञान होईपर्यंत कायदा थांबला. थांबला हे योग्यच झाले. पण ते पोर सज्ञान कधी झाले हे कुळाने हिशेबात ठेवायचे आणि मुदतीत लेखी कळवायचे, नाही तर हक्क गेला. पिढ्यान्‌पिढ्या रान कसणारी कुळे या एका कागदापायी हरली. म्हणजे पोरासाठी थांबणे कायद्याला माहीत आहे. आमचा सवाल इतकाच की तेच थांबणे, तीच राखण चार एकर माळाच्या वारसाला का नाही?

आणि नुसते पालक नेमून भागत नाही, पालकावर नजर लागते, याचा दाखला शेजारच्या कोल्हापूरचा आहे. चौथे शिवाजी महाराज मानसिक आजाराने ग्रस्त ठरवले गेले. त्यांचा सांभाळ आणि राज्याचा कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात असे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी छापले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. ज्या कागदांच्या भरवशावर लिहिले ते बनावट ठरले आणि १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले. गादीचा धनी असूनही त्या माणसाच्या बाजूने उभा राहून 'याचे हित कशात' हे विचारणारा अधिकृत माणूस कुणी नव्हता. त्यातून दोन धडे घ्यावेत. पालकाला जाब विचारणारा हवा. आणि जाब विचारताना हातात खरे कागद हवेत, ऐकीव गोष्टी नव्हेत.

म्हातारी माणसे आणि भोळसर भाऊ

हाच आदेश ३२ सज्ञान माणसालाही लागू आहे. ज्याला वेड लागले आहे, किंवा मनाच्या दुर्बलतेमुळे ज्याला आपले हित राखता येत नाही, त्याच्यासाठीही वादमित्र किंवा वादपालक लागतो. लकव्याने ज्याची समज गेली तो बाप, माणसे ओळखत नाही ती आई, जन्मापासून मंदबुद्धी असलेला भाऊ ही सगळी माणसे यात येतात. अशा माणसावर पालक न नेमता हुकूमनामा घेतला तर तो मुळातच शून्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगून ठेवले आहे. तरी आईचा अंगठा उठतो, एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तिला शेवटपर्यंत कळत नाही की आपण कोर्टात हरलो.

याची उलटी बाजूही बघा. धडधाकट माणसाला वेडा ठरवण्याचा धंदाही गावात चालतो. नवरा मेल्यावर बाई हक्काचे बोलू लागली की 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय'. एकटा भाऊ लग्नाविना राहिला की 'तो भोळसट, त्याचे आम्हीच बघतो'. कुणीतरी अर्जात लिहिले म्हणून कुणी वेडा ठरत नाही. कोर्टाने चौकशी करायची असते, त्या माणसाला समोर बघायचे, डॉक्टरचे मत घ्यायचे. आणि ज्याचे पाय गेले पण डोके शाबूत आहे त्याला पालक नको, कोर्टापर्यंत जायला गाडी हवी.

सरकारनेही येथे घोळ घातला आहे. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्न आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती पालक नेमू शकते. ही सोय गावागावात सांगितली पाहिजे. पण मानसिक आजाऱ्याच्या मिळकतीची व्यवस्था लावण्याचा जो मार्ग १९८७ च्या कायद्यात होता, तो २०१७ च्या नव्या मानसिक आरोग्य कायद्यात उरला नाही. उपचाराचे हक्क दिले ते चांगले केले. पण त्याच्या रानाचे काय, हे सांगायचे राहून गेले. घरच्यांनी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढायच्या का?

"पोर मोठे झाले की बघेल"

हे आपल्याकडचे सर्वांत गोड आणि सर्वांत घातकी वाक्य. पालकाने केलेली विक्री रद्द करून घ्यायला पोराला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. अठराव्याला सुरू, एकविसाव्याला संपली. त्या तीन वर्षांत पोरगा बारावी करतो, मुंबईला माथाडीत लागतो किंवा गलाईला जातो आणि पोरीचे लग्न होते. सातबारा बघायला वेळ कुणाला? त्यातही थोरला भाऊ सज्ञान होऊन घराचा कर्ता झाला, तर धाकट्यांचीही मुदत त्याच्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो. हुकूमनामा मोडायचा तर पालकाचे हित आड होते एवढे दाखवून भागत नाही, पोराचे नुकसान झाले हेही सिद्ध करावे लागते. पंधरा वर्षांनी विहिरीची साक्ष कोण देणार? साक्षीदार एक तर मेलेले, नाही तर चुलत्याच्या पंगतीतले.

म्हणून बघायचे ते आज, पोर लहान असताना.

मग करायचे काय

सरकार आणि न्यायसंस्थेकडे आमच्या मागण्या अशा :

१. ज्या दाव्यात अज्ञान किंवा असमर्थ माणूस आहे, त्यात आईला किंवा प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याला नोटीस हातात मिळाल्याशिवाय वादपालक नेमू नये.

२. नाझर किंवा वकील वादपालक नेमला तर त्याने पोराला आणि सांभाळणाऱ्याला भेटून, रान बघून लेखी अहवाल द्यावा. त्याचा प्रवासखर्च कोर्टाने ठरवून द्यावा. फुकटच्या पालकाकडून राखण होत नाही.

३. तडजोडीला परवानगी देताना आदेशात गट नंबर, क्षेत्र, विहीर, वाट, पाण्याची पाळी यांचा उल्लेख असावा. लोकअदालतीत तर दुप्पट काळजी हवी, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

४. हुकूमनाम्यानंतर प्रत्यक्ष वाटप महसूल खाते करते. त्या मोजणीच्या दिवशीही पोराचा पालक बांधावर हजर हवा.

५. मानसिक आजाऱ्याच्या जमिनीच्या रक्षणासाठी जिल्ह्यातच दाद मागता येईल अशी तरतूद करावी.

पण मागण्यांची यादी सरकारकडे देऊन आपण हात झटकू नयेत. निम्मे काम आपले आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अपंग यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज करायला विधवेबरोबर कोण जाणार? प्रत्येक गावातून एक बाई आणि एक पुरुष अशी दोन नावे पुढच्या बैठकीत द्या. त्यांनी वकिली करायची नाही. वारसाची डायरी वाचायची, कोर्टाची नोटीस आली की तारीख लिहून ठेवायची, वादपालक कोण नेमला हे विचारायचे आणि तडजोडपत्रावर परवानगीचा आदेश कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगायचे.

आणि एक नियम स्वतःला. ज्या वाटणीत आपल्याला रान मिळणार आहे, त्या वाटणीत संघटनेच्या कुठल्याही कार्यकर्त्याने पुतण्याचा पालक म्हणून उभे राहायचे नाही. उभा राहिला, तर आधी छातीवरचा बिल्ला काढून ठेवायचा. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकोच्या नावावर रान केले. तो देण्याचा कार्यक्रम होता. हा तर नुसता न हिरावण्याचा आहे. एवढेही जमत नसेल, तर दिल्ली-मुंबईला लुटारू म्हणण्याचा अधिकार आपण कुठून आणणार?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना गावातल्या ज्या खात्यांवर अ.पा.क. आहे, त्यांचे उतारे बरोबर आणा. एकेका नावापुढे आपण मिळून एकच प्रश्न विचारू : हा पालक कुणाचा, पोराचा की रानाचा?